सहा, सहा, सहा, चार



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर मराठी शिकवलं. कविता समजावून सांगण्याआधी ते ती वर्गाकडून मोठ्याने म्हणून घेत, असं त्यांचे विद्यार्थी सांगतात. आधी म्हणायची आणि मग समजून घ्यायची, हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. तो योग्य का आहे, हेच आज तुमच्यापुढे मांडायचं आहे.

आपल्याकडे कवितेबद्दलचा पहिला प्रश्न शाळेतच ठरून जातो : कवीला काय सांगायचं आहे? उत्तर चार ओळींत लिहायचं असतं. मुलगा लिहितो, ‘आईची माया थोर असते असे कवीला सांगायचे आहे.’ गुण मिळतात. पण आईची माया थोर असते हे त्या मुलाला कविता वाचण्याआधीही ठाऊक होतं. मग कवितेने त्याला काय दिलं? त्या उत्तरात जे उतरलं नाही, तेच दिलं. ते नेमकं काय असतं, हे कळायला कवी भाषेला कसा वागवतो ते जवळून पाहावं लागेल.

माझं म्हणणं थोडक्यात असं. कवीची भाषा तुमचीआमचीच असते. कवी तिला माप लावतो. माप लागलं की रोजच्या बोलण्यातल्या बऱ्याच सोयी भाषेला सोडाव्या लागतात. त्या सुटल्या की ऐकणाऱ्याला अर्थाचे दुवे स्वतः जोडावे लागतात. ही जोडणी मनात घडते तेव्हा आपण कविता अनुभवत असतो.

हे मी मराठीतल्या सर्वांत परिचित मापावरून दाखवतो. मोठ्या अभंगाचं माप तुम्हाला माहीत आहे. चार चरण, पहिले तीन सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा, दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं यमक. अक्षर ऱ्हस्व की दीर्घ, जोडाक्षर की साधं, याचा हिशेब नाही. अक्षरं मोजायची आणि म्हणताना लांबवून घ्यायची.

हे सहा अक्षरांचं माप आलं कुठून याबद्दल अभ्यासकांनी पुष्कळ लिहिलं आहे. मी आज तुम्हाला फक्त घरातलं बोलणं ऐकायला सांगतो. ‘भाकर झाली का.’ ‘पाणी आलं का गं.’ ‘दार लावून घे.’ ‘उद्या ये सकाळी.’ ‘गाडी चुकली ना.’ बोटांवर मोजा. प्रत्येक वाक्य सहा अक्षरांचं आहे. आता ही ऐका : ‘येतो आता.’ ‘बस जरा.’ ‘काय झालं.’ ही चार अक्षरांची. मराठी माणसाचं रोजचं बोलणं या मापात सहज बसतं. म्हणून अभंग पाठ करायला अक्षरओळख लागत नाही. पंढरीच्या वाटेवर शाळेचं तोंड न पाहिलेला माणूस शेकडो अभंग म्हणतो, त्याचं एक कारण हे आहे.

आता यातलंच एक वाक्य घेऊ : ‘आई घरी नाही.’ शब्द तीन, अक्षरं सहा. मराठीत शब्दांना विभक्तीचा आधार असल्यामुळे त्यांची जागा बदलता येते. ‘आई घरी नाही’ हे दारात आलेल्या शेजारणीला दिलेलं उत्तर आहे. आई बाहेर गेली आहे, येईल. ‘घरी आई नाही’ म्हटलं की बोलणं आईबद्दलचं न राहता घराबद्दलचं होतं. त्या घरात आईची जागा रिकामी आहे, कदाचित कायमची. ‘नाही घरी आई’ म्हटलं की नकार आधी येतो. कुणीतरी पुन्हा पुन्हा विचारत होतं आणि बोलणाऱ्याचा धीर सुटला आहे. शब्द तेच, अक्षरंही तीच, तरी प्रसंग तीन झाले. व्याकरणाच्या पुस्तकात ही तीन वाक्यं एकाच अर्थाची ठरतील. कवीच्या दृष्टीने मात्र यांतलं एक निवडणं म्हणजे कुठल्या घरात शिरायचं ते ठरवणं आहे.

आणखी एक पायरी पुढे जाऊ. गद्यात एक वाक्य लिहितो : ‘आई घरी नाही, पण दिवा लागलेला आहे आणि उंबराही झाडलेला आहे, तेव्हा हे कुणी केलं असेल?’ हाच मजकूर अभंगाच्या मापात घालून पाहतो :

आई घरी नाही । दिवा लागलेला ।
उंबरा झाडला । कुणी बाई ॥

ही उदाहरणासाठी केलेली जुळणी आहे, तिला कविता म्हणवून घ्यायचं नाही. पण काय घडलं ते पाहा. ‘पण’ गेला, ‘आणि’ गेला, ‘तेव्हा हे’ गेलं, ‘असेल’ गेलं. वाक्याचे सांधे मापाने काढून घेतले. तीन चित्रं एकमेकांशेजारी आली आणि त्यांचा संबंध लावायचं काम तुमच्याकडे आलं. गद्यात तो संबंध मी लावून दिला होता, म्हणून तुम्हाला माहिती मिळाली. इथे तो तुम्ही लावता, म्हणून तुम्हाला किंचित हुरहूर वाटते. मापाने आणखीही एक गोष्ट केली. चौथा चरण भरायला दोन अक्षरं कमी पडत होती, म्हणून ‘बाई’ आलं. या दोन अक्षरांनी माहितीत काहीच भर पडली नाही, तरी बोलणाऱ्यासमोर कुणीतरी येऊन बसलं. माप कापतं तसं भरही घालतं, आणि भर घालताना बहुधा संबोधन आणतं. आपल्या ओव्यांत ‘सये’, ‘बाई’, ‘माझ्या’ असे शब्द वारंवार येतात, त्यांना केवळ भरतीचे म्हणून सोडून देऊ नये. कवितेतली जवळीक पुष्कळदा याच शब्दांत असते.

चौथा चरण आखूड का, याकडेही लक्ष द्या. सहाची सवय लागलेल्या कानाला चारवर थांबावं लागतं. भजनात त्या जागी टाळ वाजतो, सूर लांबतो. वाचताना तिथे श्वास असतो आणि झालेल्या तीन चरणांचा अर्थ त्या श्वासात खाली बसतो. तुकोबांसारखा कवी आपलं सर्वांत कठोर किंवा सर्वांत हळवं बोलणं वारंवार या आखूड चरणात ठेवतो, कारण त्याच्यानंतर शांतता आहे हे त्याला माहीत असतं.

तुकोबांचे साडेचार हजारांहून अधिक अभंग आज गाथेत आहेत. देहूचं त्यांचं घर व्यापाराचं. दुकान, देणंघेणं, दुष्काळात बुडालेला व्यवहार, सगळं त्यांनी पाहिलेलं. म्हणून भांडवल, माप, हिशेब हे बाजारातले शब्द त्यांच्या अभंगांत देवाशी बोलताना येतात. हे शब्द काव्यमय नाहीत अशी शंका त्या काळच्या पंडितांना आली असेल. पण देवाशी हिशेब मांडणाऱ्या माणसाचा देवावर हक्क असतो. ‘तू दयाळू आहेस’ म्हणणारा याचक असतो, ‘तू माझं देणं लागतोस’ म्हणणारा सावकार असतो. शब्दांचा पेठेतला वास न धुता ते देवघरात नेल्यामुळे भक्तीचं नातंच बदललं. सामान्य शब्द उचलायचा, त्याच्या मूळ धंद्याची खूण पुसायची नाही आणि त्याला अनोळखी जागी उभा करायचा, ही कवीची दुसरी मोठी रीत आहे.

तुकोबांच्या बरंच आधी, शके 1212 म्हणजे इसवी सन 1290 मध्ये, नेवाशाला ज्ञानेश्वरी पूर्ण झाली. गीतेचे श्लोक 700; ज्ञानेश्वरीच्या ओव्या सुमारे 9000. हा विस्तार केवळ अर्थ फोडून सांगण्यासाठी झालेला नाही. संस्कृत श्लोकाच्या घट्ट चौकटीत विधान बसतं. ज्ञानदेवांना विधान ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे उभं करायचं होतं, त्यासाठी दृष्टान्तामागून दृष्टान्त द्यायचे होते. ओवीने ती सोय दिली. तिच्या चरणांत अक्षरसंख्येचं बंधन सैल आहे. पहिल्या तीन चरणांना यमक, चौथा बहुधा आखूड आणि मोकळा. यमक ऐकणाऱ्याला धरून ठेवतं, मोकळा चरण वाक्याला पुढच्या ओवीत जाऊ देतो. एक उपमा संपली असं वाटतं तोवर दुसरी येते, आणि तिसऱ्या उपमेपर्यंत पोहोचताना मूळ विचार श्रोत्याच्या मनात आपोआप रुजलेला असतो. तत्त्वज्ञान सांगण्यासाठी ज्ञानदेवांनी गद्य घेतलं नाही, यामागे माझ्या मते हे कारण आहे. त्यांना पटवायचं तर होतंच, शिवाय अनुभवायला लावायचं होतं.

ग्रंथातल्या ओवीच्या जोडीने घराघरांत जात्यावरची ओवी चालत होती. तिचं माप श्रमाशी बांधलेलं. एक हात खुंट्यावर, दुसरा वैरण घालणारा. फेरा संपतो तिथे ओळ संपते. दोन ओळींत एक पूर्ण गोष्ट यायला हवी, कारण पुढच्या ओवीला कदाचित समोरची बाई सुरुवात करील. म्हणून या ओव्यांत वर्णन कमी आणि नाव, नातं, गाव यांचा नेमका उल्लेख जास्त. भाऊ, माहेर, सीतेचा वनवास, पंढरीची वाट, सासरचा जाच. समोरासमोर बोलता येत नव्हतं ते ओवीत बोलता येत होतं, कारण ओवी ‘म्हटली’ जाते. ती बोलणं नव्हे, दळण दळताना म्हणायचं गाणं आहे, असं सांगायला जागा उरते. मापाने बायकांना दिलेलं हे संरक्षण होतं. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या खेड्यांतून अशा 1 लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. जगातल्या मोठ्या काव्यसंग्रहांत या ठेव्याची गणना व्हायला हवी. पिठाची गिरणी आली, जातं थांबलं, आणि ओवीला धरून ठेवणारा फेराच गेला. श्रम हलके झाले हे चांगलंच झालं. पण कवितेचं एक घर त्याबरोबर रिकामं झालं, याची जाणीव आपण ठेवली पाहिजे.

त्याच परंपरेतून बहिणाबाई चौधरी आल्या. जन्म 1880 चा, जळगावजवळच्या आसोद्याचा. लिहिता-वाचता येत नव्हतं. घरकाम, शेतकाम करताना त्या गाणी रचत आणि म्हणत; घरच्यांनी ती उतरवून घेतली. 1951 साली त्या गेल्या. त्यांचे पुत्र सोपानदेव यांच्याकडची या गाण्यांची वही आचार्य अत्र्यांनी पाहिली आणि त्यांच्या आग्रहाने ‘बहिणाबाईची गाणी’ 1952 मध्ये छापली गेली. त्यांच्या खानदेशी बोलीत उच्चार आखूड आहेत, क्रियापदं चटपटीत आहेत, त्यामुळे ओवीच्या चालीत विचार फार वेगाने पुढे जातो. प्रमाण मराठीत तेच लिहू गेलं तर अक्षरं वाढतात, चाल अडखळते आणि विचाराचा उपदेश होतो. बोली ही बहिणाबाईंच्या कवितेची अट आहे. तिला गावरान गोडवा म्हणून कौतुकाने बाजूला बसवणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

मापाची ही शक्ती शास्त्र म्हणून ज्यांनी तपासली त्यांत माधव जूलियन अग्रणी. ‘छंदोरचना’ हा त्यांचा ग्रंथ 1927 साली आला आणि दहा वर्षांनी त्याची वाढवलेली आवृत्ती निघाली. प्रेमकविता लिहिणाऱ्या या कवीने वृत्त, जाती, छंद यांची अक्षरं आणि मात्रा इतक्या चिकाटीने मोजल्या, याचं काहींना नवल वाटतं. मला वाटत नाही. चाल बदलली की भाव बदलतो हे कवीला सर्वांत आधी कळतं. मनाचे श्लोक भुजंगप्रयातात आहेत. एक लघू आणि दोन गुरू अशी चाल चरणात चार वेळा येते, आणि मनाला बजावणं त्या ठाम पावलांशिवाय शक्य झालं नसतं. तोच उपदेश मंदाक्रान्तेच्या संथ वळणांत घातला तर उपदेशाचा विलाप होईल.

यावर कुणी म्हणेल, ही जुनी गोष्ट झाली. आधुनिक कवितेने मापं मोडली. तर आधी मर्ढेकरांकडे पाहू. ‘काही कविता’ 1947 चा. गिरण्या, यंत्रं, गर्दी, महायुद्धानंतरचं भयाण शहर त्यात आलं. आणि ते आलं पुष्कळदा ओवी-अभंगाच्या चालीत! जी चाल ऐकली की मराठी कान हात जोडतो, त्या चालीत यंत्रयुगातल्या माणसाची विटंबना ऐकू आली. कान श्रद्धेकडे जातो, शब्द उद्ध्वस्त शहराकडे नेतात, आणि या ओढाताणीत वाचक सापडतो. हाच आशय नव्या मोकळ्या रचनेत आला असता तर तक्रारीसारखा वाटला असता. अभंगाच्या मापात तो प्रार्थनेच्या आकाराची जखम होऊन आला. या कवितेवर अश्लीलतेचा खटला झाला आणि त्यातून मर्ढेकर निर्दोष सुटले. समीक्षक म्हणून त्यांनी संवाद, विरोध आणि समतोल हे लयीचे नियम सांगितले. त्यांच्या कवितेत विरोधाचा नियम कसा चालतो हे पाहायला अभंगाच्या चालीवर कान ठेवला की पुरे.

दुसरीकडे कवी अनिलांनी मुक्तछंद रुजवला. मुक्तछंदात माप नसतं असं समजणं चूक आहे. तिथे मोजणीची जबाबदारी परंपरेकडून कवीकडे येते. ओळ कुठे तोडायची हे आता ठरलेलं नसतं, म्हणून प्रत्येक तोडणीला कारण लागतं. ‘आई घरी’ इथे ओळ तोडली आणि ‘नाही’ खाली आणलं, तर वाचकाची नजर खाली उतरेपर्यंत आई घरी असते. छापील कवितेची ही ताकद अरुण कोलटकरांनी पुरेपूर ओळखली होती. जाहिरातीच्या क्षेत्रातले ते नावाजलेले चित्रकार-संकल्पक. पानावर कोरी जागा किती बोलते याची त्यांना पक्की जाण होती. मराठी आणि इंग्रजी दोन्हींत त्यांनी लिहिलं, आणि मुंबईच्या रस्त्यावरची मिसळलेली बोली कवितेत आणताना तिच्या चालीला धक्का लावला नाही.

नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ 1972 चा. त्याला विजय तेंडुलकरांची प्रस्तावना आहे. मराठी नाटकात संवाद लिहिण्यात ज्यांचा हात धरणारा नव्हता त्या तेंडुलकरांनाही या कवितेतले कित्येक शब्द ठाऊक नव्हते, आणि मुंबईतली गोलपिठा ही वस्ती समजून घ्यायला ते ढसाळांबरोबर तिथे फिरले. यातून मराठी वाचकाच्या भाषेची हद्द उघडी पडली. ढसाळांनी वस्तीतले शब्द टीप न देता, माफी न मागता वापरले. ओळी लांब, नामांमागून नामं, श्वास पुरणार नाही अशी रचना. वाचणाऱ्याची दमछाक व्हावी, हेच तिचं माप आहे. दाटीवाटीने जगणाऱ्या माणसांवरची कविता मोकळ्या, हवेशीर ओळींत लिहिली असती तर ती खोटी झाली असती. तुकोबांनी पेठेतला शब्द न धुता देवघरात नेला; ढसाळांनी गोलपिठ्यातला शब्द न धुता साहित्याच्या सभेत आणला. या दोन कृती मला एकाच कुळातल्या वाटतात.

मग अर्थाचं काय? आपल्या प्राचीन साहित्यशास्त्राने या प्रश्नाचा खोल विचार केला आहे. नवव्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धनाने ध्वनीचा सिद्धान्त मांडला : काव्याचा खरा अर्थ वाच्यार्थापलीकडे सुचवलेला असतो. पुढे कुंतकाने सांगण्याच्या वक्र रीतीला काव्याचा प्राण मानलं. दोघांच्या मांडणीत फरक आहे, पण सरळ सांगितलेलं हेच सर्वस्व नाही याबद्दल दोघांचं एकमत आहे. मी यात मराठी कवितेच्या अनुभवावरून एवढीच भर घालतो की सुचवण्याला जागा लागते आणि ती जागा माप तयार करतं. सांधे काढल्याशिवाय ध्वनी निघत नाही. म्हणून ‘आधी विचार, मग त्याला छंदाचा पेहराव’ ही समजूत सोडून द्यायला हवी. पेहराव काढून ठेवता येतो. ‘घरी आई नाही’ यातला क्रम काढून ठेवला तर रिकामं घरच नाहीसं होतं.

याचा अर्थ मापात बसलं की कविता झाली असा नाही. सहा-सहा-सहा-चारमध्ये बसवलेल्या जाहिराती आणि घोषणा आपण रोज ऐकतो. मोजणी कुणालाही शिकता येते. मापाने उघडलेली जागा कशाने भरायची, आणि त्याहून अवघड म्हणजे ती कुठे मोकळी सोडायची, हे ज्याला कळतं तो कवी. त्यासाठी कवीला भोवतालचं बोलणं फार मन लावून ऐकावं लागतं. जो कवी फक्त कविता वाचतो त्याच्या कवितेत कवितेतलेच शब्द फिरत राहतात. जो पेठेत, शेतात, लोकलच्या डब्यात, दवाखान्याच्या रांगेत ऐकतो, त्याच्याकडे भाषेचा ताजा साठा असतो.

म्हणून समारोपात माझं मागणं शाळांकडे आणि पालकांकडे आहे. कवितेचा पहिला तास म्हणण्याचा असू द्या. मुलांना अक्षरं मोजू द्या, टाळी देऊन चाल धरू द्या, शब्दांचा क्रम बदलून काय बिघडतं ते ऐकू द्या. त्यांना स्वतःच्या घरातलं सहा अक्षरांचं वाक्य शोधून आणायला सांगा. ते वऱ्हाडीत असो, मालवणीत असो, अहिराणीत असो, त्याला चूक म्हणू नका. परीक्षेत ‘कवीला काय सांगायचे आहे’ याच्या जोडीला ‘हा शब्द याच जागी का आहे’ हा प्रश्न येऊ द्या. या प्रश्नाचं उत्तर मार्गदर्शकात मिळत नाही. ते मुलाला कान देऊन शोधावं लागतं. आणि शब्दाच्या जागेकडे बघायची सवय ज्या मुलाला लागली, त्याला पुढे भाषणातली हातचलाखी कळते, बातमीतली लपवाछपवी कळते, आणि समोरचा माणूस काय म्हणाला नाही हेही ऐकू येतं. कवितेच्या शिक्षणाचा इतका व्यावहारिक लाभ आपण इतकी वर्षं वाया घालवत आलो आहोत. तो यापुढे वाया जाऊ देऊ नये, अशी कळकळीची विनंती करून मी थांबतो.